रुपरावांनी उशिरा मोडलेला तुकडा

कामठीच्या रुपराव लोहारासारखा भित्रा माणूस मी पाहिला नाही. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलत. आणि त्यांच्याच हातच्या हुकावर जीव टांगून आम्ही पारशिवनीकडे विहिरी खोल करायचो.

बहात्तर साली पाणी फार खाली गेलं होतं. चाळीस फुटांखाली मी आणि मधुसूदन दगड फोडायचो. वरची माणसं यारीचं चाक फिरवून हुकाला अडकवलेली दगडांची बादली ओढून घ्यायची, आणि संध्याकाळी त्याच बादलीत बसून आम्ही वर यायचो.

हूक करताना रुपराव त्याच सळईचा एक तुकडा सोबत तापवत आणि मग मोडून आतला दाणा पाहत. दाणा पिठासारखा बारीक असला तर लोखंड चिवट. साखरेसारखा जाडा, चमकणारा दिसला तर समजायचं की आच जास्त झाली, दाणा फुगला, आता हे झटक्यानं तुटणार. तुकडा पाहिल्याशिवाय ते हूक देतच नसत. पण तेव्हा भट्टीला नवा विजेचा पंखा लागला होता, त्याची आच भात्याहून कडक. भात्याच्या सवयीनं त्यांनी हूक तेवढाच वेळ आत ठेवला, आणि आमचा मुकादम घाईला आला म्हणून तसाच देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा मोडला, तर आत साखर.

पहिल्या बसनं ते विहिरीवर पोचले तेव्हा भरलेली बादली आमच्या डोक्यावर अर्ध्यात होती.

"चाक फिरवू नका गा, हूक तुटते," ते ओरडले.

"आतापर्यंत नाई तुटला, आता काहून तुटते?" मुकादम म्हणाला.

"मी बनवला ना. मले माहीत आहे."

खाली आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मी भिंतीला पाठ चिकटवली. बादली वर न्यायची सोय नव्हती, खाली सोडायचीही भीती. ती इंचाइंचानं उतरली. देवाचं नावसुद्धा मला सुचलं नाही, मी नुसता बादलीच्या बुडाकडे पाहत होतो. "घरी सांगून नाई आलो गा," मधुसूदन तेवढंच म्हणाला.

आम्हाला दोरानं वर काढलं. मग रुपरावांनी हूक दगडावर ठेवून घणाचा एकच घाव घातला. त्याचे दोन तुकडे झाले. आतला दाणा साखरेसारखा चमकत होता.

तिसऱ्या दिवशी नवा हूक आला, सोबत मोडलेला तुकडाही. दाणा बारीक होता, तरी उतरायला कोणी तयार होईना. तेव्हा रुपराव स्वतः बादलीत बसले. डोळे मिटून खाली गेले, वर आले तेव्हा धोतर ओलं होतं. कोणी हसलं नाही.

पुढे प्रत्येक नव्या हुकावर पहिले तेच उतरायचे, तसेच डोळे मिटून. एकदा मी विचारलं, "मामाजी, तुकडा तर पाहता ना? मग काहून उतरता?"

"तुकडा पाहून लोखंडाचा भरवसा येते गा," ते म्हणाले. "माझा नाई येत."