चुन्याच्या डबीची जागा

स्वयंपाकघरातल्या सागवानी फळीला आज मिस्त्रीनं मशीननं भोक पाडलं आणि गरम भुशाचा वास घरभर पसरला. लहान-मोठ्या भोकांसाठी त्यानं वेगवेगळी पाती आणली होती. माझ्या सुतार बाबांकडे एकच होतं, पण ते हवं तेवढं मोठं करता यायचं.

एकदा संग्रामपूरच्या आमच्या घराच्या अंगणात बाबा फळी मांडीखाली दाबून बसले होते. आईची नजर तेव्हा जवळजवळ गेली होती. मीठ समजून ती भाजीत साखर घालायची. म्हणून ते तिच्यासाठी प्रत्येक बाटलीच्या मापाचं वेगळं भोक पाडत होते. गिरमिटाच्या पात्याचा स्क्रू सैल करायचा, छोटी सुरी जराशी बाहेर सरकवायची, पुन्हा आवळायचं आणि हातानं फिरवायचं. भोक झालं की आई त्यात बोट फिरवून ओळख करून घ्यायची.

"झालं पाह्य सारं," बाबा म्हणाले.

"अन् तुमच्या चुन्याच्या डबीले?"

"थे त माह्या खिशात रायते."

"घरी आले का इथी ठेवत जा. हात लावला का मले समजन, तुमी आले."

मला हसू आलं. नुसती हाक मारली तरी कळलं असतं की! बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी सुरी आत सरकवली आणि एक लहान भोक पाडलं.

पुढे बाबा वारल्यावर आईनं ती डबी त्या भोकात ठेवली. पुसायलासुद्धा कोणाला उचलू दिली नाही.