चिमीच्या उशाशी बसणारे कंपाउंडर

जनावरांच्या दवाखान्यातले ते म्हातारे कंपाउंडर आमच्या कुत्रीलाही ‘आप’ म्हणायचे. मला आधी हसूच यायचं.

चिमीच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं आणि आम्ही विकास नगरात लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. त्यामुळे दुखणं कमी करणारं इंजेक्शन द्यायला तेच रोज संध्याकाळी घरी यायचे. आले की तिच्याजवळ जमिनीवर बसायचे, तिचे कान निरखायचे आणि विचारायचे, “इजाज़त है?” कान मागे पडलेले असले, तर सुई हातात धरून थांबायचे. मी घाई केली की म्हणायचे, “दर्द अपनी बात कहता है साहब, ज़रा सुन लीजिए.”

चौथ्या दिवशी चिमी सारखी कण्हत होती. मला राहवेना. माझीच अंगदुखीची गोळी मी तूप लावलेल्या पोळीच्या तुकड्यात लपवली आणि तिच्यापुढे धरली. तेवढ्यात ते आले. त्यांनी तुकडा उलगडून गोळी काढली.

“यह इनका पेट जला देगी,” ते म्हणाले. रागावले मात्र नाहीत. मग गोळी तळहातावर ठेवून त्यांनी मला विचारलं, “इजाज़त है? घुटना दो बरस से कह रहा है.” आणि ती स्वतःच पाण्याबरोबर घेतली.

तीन जिने! माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चिमीजवळ त्यांना बसायला वेताचा मोडा ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

“ऊपर बैठूँगा तो इन्हें गर्दन उठानी पड़ेगी,” म्हणाले, आणि भिंत धरून सावकाश खाली बसले.