पेन्शनसाठी जोडीचा फोटो

नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात मला दिवसाढवळ्या स्वप्नं पडायची. झोपेत नव्हे, चांगली जागी असताना. उपकेंद्राच्या ओट्यावर आया बाळं घेऊन बसलेल्या असायच्या, मी एकेकाच्या मांडीत सुई टोचत असायचे, तोंडाने ताप आला तर घाबरू नका, गोळी द्या, हे पाठ झालेलं बोलत असायचे, आणि मन मात्र सुरगाण्याच्या एखाद्या जुन्या क्वार्टरमध्ये जाऊन बसलेलं असायचं. तिथली खिडकी, खिडकीतून दिसणारी भाताची खाचरं, दारातल्या आदिवासी बाईची अर्धी कळणारी कोकणा बोली. बाळ रडलं की मी परत यायचे. आपण कुठे आहोत हे कळायला क्षणभर लागायचं.

मी जिल्हा परिषदेची नर्स. सरकारी कागदावर आरोग्य सेविका, गावात सिस्टर, आणि घरी नवऱ्याच्या तोंडी नर्सबाई. लग्न झालं तेव्हा तो शब्द चेष्टेचा होता. पुढे माझ्या बदल्या होत गेल्या, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, आणि हे राहिले कळवणकडच्या गावी, आपल्या जमिनीपाशी. आधी हे दर शनिवारी एसटीने माझ्याकडे यायचे. मग महिन्याने. मग मुलीच्या शिक्षणासाठी मी सातपूरला फ्लॅट घेतला, सासू-सासरे अंथरुणाला खिळले, ते गेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं सणावारी भेटणारी माणसं झालो आहोत. भांडण कधी झालंच नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. फोनवर आम्ही पाऊस, कांद्याचा भाव आणि बीपीची गोळी एवढंच बोलायचो.

त्यामुळे निवृत्ती जवळ आली तशी लोक विचारायचे, आता काय, गावी जाणार का? मी हसून वेळ मारून न्यायचे. खरं सांगायचं तर मला कुणी बोलावलंच नव्हतं. आणि त्यांनी इथे यावं असं मीही कधी म्हटलं नव्हतं. संध्याकाळी कंपन्यांची शिफ्ट सुटली की खालून मोटारसायकलींचा लोंढा जायचा, प्रत्येक जण कुणाच्या तरी घरी निघालेला. मी गॅलरीत उभी राहून बघायचे. पेन्शन तर मिळेल, पण ती घेऊन मी या गॅलरीत एकटीच उभी राहणार का, हा माझा त्या हिवाळ्यातला प्रश्न होता. तो मी कुणाला सांगितला नाही.

पेन्शनचे कागद करायला ऑफिसात एक मुलगी होती. मुलगी म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची, चटपटीत, केसांना कायम पेन खोचलेलं. तिने मला समोर बसवून सगळं समजावलं. आमच्यासारख्या जुन्या लोकांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, जिवंत असेपर्यंत. त्यासाठी पगारातून काही कापलेलं नसतं, भविष्य निर्वाह निधीची कपात वेगळी. हवं तर पेन्शनचा काही भाग आधीच विकून एकरकमी पैसे घेता येतात, आणि पंधरा वर्षं जगलात तर तो भाग परत सुरू होतो. दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा. जन्मभर मी दुसऱ्यांच्या बाळांचे जन्म लिहून घेतले, आता दरवर्षी स्वतःचं जिवंतपण लिहून द्यायचं होतं. मला ते आवडलंच. निदान नोव्हेंबरात तरी कुणीतरी विचारणार होतं.

मी सहज म्हटलं, तुझी पेन्शन पण अशीच ना? ती हसली. तिला नोकरी लागली तेव्हा नियम बदललेले होते. तिच्या पगारातून दरमहा कापून घेतात, सरकार आपली भर घालतं, ते पैसे बाजारात जातात, आणि शेवटी जे साठेल त्यावर किती मिळेल ते ठरेल. जुन्या पेन्शनसाठी ती संपात रस्त्यावर उतरली होती, उन्हात बसून घोषणा देऊन आवाज बसवून घेतला होता. आता म्हणे वेगळा पर्याय दिलाय, पण तो घ्यावा की नाही हे तिचं ठरत नव्हतं. दिवसभर ती इतरांची म्हातारपणं नीट लावून देत होती, आणि तिचं स्वतःचं अजून कुठे तरी वर-खाली होत होतं. मला तिची काळजी वाटली. तिला माझी वाटली असावी, कारण तिने चहा मागवला.

मग तिने कागदांची यादी दिली आणि त्यात जोडीच्या फोटोवर बोट ठेवलं. मी गेल्यावर नवऱ्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, माझ्यापेक्षा कमी, पण तेही तो असेपर्यंत. त्यासाठी नवरा-बायकोचा एकत्र काढलेला फोटो लागतो.

आमचा तसा फोटो नव्हता. लग्नातला होता, त्यात मी मान खाली घातलेली आणि ह्यांच्या डोळ्यांपर्यंत मुंडावळ्या. त्यानंतर प्रत्येक फोटोत आमच्या मध्ये कुणी ना कुणी आहे. मुलगी, सासूबाई, एकदा तर नवीन घेतलेली म्हैस.

द्वारका चौकाजवळच्या स्टुडिओवाल्याने माझी अडचण चुटकीसरशी सोडवली. साहेब गावाला आहेत ना, मग त्यांचा फोटो मोबाईलवर मागवा, मी शेजारी बसवून देतो, पुष्कळ जण करतात म्हणाला. मी ह्यांना फोन केला, ऑफिसात तुमचा फोटो लागतोय एवढंच सांगितलं. पुतण्याने कांदे साठवायच्या चाळीपुढे उभं करून काढला आणि पाठवला. स्टुडिओवाल्याने चाळ कापली, मागे निळा पडदा टाकला, आणि आम्हाला खांद्याला खांदा लावून उभं केलं.

तो फोटो मी ऑफिसात द्यायच्या आधी आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले. बसमध्ये काढून बघायचे. इतक्या जवळ आम्ही कित्येक वर्षांत उभे राहिलो नव्हतो. बघता बघता त्या निळ्या पडद्यामागे मला घर दिसायला लागायचं, त्यात दोन खोल्या, दुपारची वेळ, एक जण पेपर वाचतंय, दुसरं लसूण सोलतंय, कुणी काही बोलत नाहीये आणि बोलायची गरजही नाहीये. कंडक्टर तिकीट विचारायचा तेव्हा मी दचकायचे. या वयात नवऱ्याचा फोटो चोरून बघणारी बाई म्हणजे कमालच, पण मला लाज वाटत नव्हती.

ऑफिसातल्या मुलीने फोटो हातात घेतला, जरा लांब धरला, मग डोळ्यांजवळ नेला. नवऱ्याच्या चष्म्याच्या काचेत लाल ट्रॅक्टर दिसत होता. समोर उभा असणार, पुतण्याच्या मागे. माझ्या चेहऱ्यावर दिव्याचा उजेड आणि ह्यांच्या गालावर ऊन. तिला हसू आवरेना, मलाही आवरेना. पण फोटो तिने परत माझ्या पुढ्यात ठेवला.

"मॅडम, एक दिवस तुम्ही नसाल," ती हळूच म्हणाली, "आणि साहेब एकटे या टेबलापाशी येतील. तेव्हा ते तुमचेच, हे सांगायला फक्त हा फोटो असेल. त्यात तरी दोघं खरे एकत्र उभे असायला पाहिजेत ना."

तिने नियम सांगितला होता. मी फोटो उचलून परत पर्समध्ये ठेवला.

त्या रात्री मी फोन करून ह्यांना सगळं खरं सांगितलं. फोटो कशासाठी, पैसे कधी, कुणाला. ह्यांना राग आला की आईची अहिराणी तोंडात येते.

"तू मेल्यावरचा पैसा," ते म्हणाले. "माले काय करनं शे त्या पैसानं? मी नाय येत."

आणि फोन ठेवला. मी परत केला नाही. मी पण काही कमी नाही. नर्सची नोकरी करून करून माझ्यात एक हट्ट आलाय, लोकांना एकदा समजावायचं, दुसऱ्यांदा समजावायचं, तिसऱ्यांदा आपण आपलं दप्तर उचलायचं. पण घरच्या माणसापाशी ते जमेना. मी दिवसभर फोनकडे बघायचे. फोटो नसेल तर कागद पुढे जाणार नव्हते, पण कागदांचं मला आता तितकंसं वाटत नव्हतं. नवरा आपल्या शेजारी येऊन उभा राहायलाही तयार नाही, हे एकदा कळलं की मग पुढची सगळी वर्षं तेच कळत राहणार, याची भीती होती. मी जोडलेला फोटो पुण्याला लेकीला पाठवला, गंमत म्हणून. ट्रॅक्टर बघ, लिहिलं. ती खूप हसली. बाकी मी तिला काही बोलले नाही.

पुढे एका सकाळी मी रजेवर होते. धुकं अजून उतरलं नव्हतं, समोरची बिल्डिंग अर्धीच दिसत होती, आणि मी हातात चहा घेऊन उभ्या उभ्याच कुठे तरी हरवले होते. फोन वाजला तो मला आधी स्वप्नातलाच वाटला.

"द्वारकेला उतरलोय," ह्यांचा आवाज. "लय गर्दी हाय. कुठं उभा ऱ्हाऊ?"

मी साडी बदलली की नाही हेसुद्धा मला आठवत नाही. रिक्षातून उतरले तेव्हा ते एका बंद दुकानाच्या पायरीवर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवी टोपी, आणि गालावर दाढी करताना कापल्याची ताजी खूण. बारीक झाले होते. माझं लक्ष आधी पायांकडे गेलं, सूज आहे का बघायला, सवयच ती. मी विचारलं, कसे काय आलात? लेकीने तो फोटो त्यांनाही पाठवला होता.

"त्या फोटोत मी तुझ्याकडं पाठ फिरवल्यावानी उभा हाय," ते म्हणाले. "तसा नको ऱ्हायला सरकारात."

मी पर्समधून फोटो काढून पाहिला. खरंच, खांदा किंचित पलीकडे वळलेला होता. आठवडाभर बघूनही मला तो दिसला नव्हता.

स्टुडिओत आम्हाला दोन स्टुलांवर बसवलं. स्टुडिओवाला म्हणाला, जवळ या. आम्ही सरकलो. अजून जवळ, म्हणाला. ह्यांचा दंड माझ्या दंडाला लागला आणि ते एकदम ताठ झाले, श्वास धरून बसले, इंजेक्शन घेताना पोरं बसतात तसे. मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. मी म्हटलं, श्वास सोडा. त्यांनी सोडला. त्या उबदार, पावडरचा वास येणाऱ्या खोलीत दिव्यांचा उजेड इतका मऊ होता की आम्ही इथे सकाळीच आलोय की लग्न झाल्यापासून इथेच बसलोय, हे मला कळेना. फोटो निघाल्यावरही आम्ही जरा वेळ तसेच बसून राहिलो. दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा उठलो.

तिथून थेट ऑफिसात गेलो. मुलीने आधी चष्म्याची काच तपासली आणि मान डोलावली. मग राहिलेले रकाने भरायला घेतले. बँकेचं खातं, ओळखीच्या खुणा, नात्यातली माणसं. हे शेजारच्या खुर्चीत गुडघ्यावर टोपी ठेवून बसले होते, प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे बघत होते. पान उलटून तिने विचारलं, निवृत्तीनंतरचा पत्ता?

मी गावाचं नाव सांगितलं. कसं सांगितलं ते मला आजही कळत नाही, इतक्या दिवसांत मी ते स्वतःशीसुद्धा म्हटलेलं नव्हतं. आणि नेमकं त्याच वेळी ह्यांनी सातपूरचा पत्ता सांगायला सुरुवात केली होती. बिल्डिंग, मजला, फ्लॅटचा नंबर, शेवटी पिन कोड. न अडखळता, पाढे म्हटल्यासारखा. त्या घरात ते मुक्कामाला असे कितीसे राहिले होते?

मुलीचं पेन कागदावर थांबलं. ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. पत्ता एकच लिहायचा असतो, म्हणाली, कुठला लिहू?

"ही राहील तो लिवा," ते म्हणाले.

मला तिथे, टेबलापाशी, सगळ्यांसमोर रडू आलं. ह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मुलीने उगाचच फाइल आवरायला घेतली. जरा वेळाने मी सातपूरचा लिहा म्हणून सांगितलं, कारण त्यांच्या गुडघ्यांना इथला दवाखाना जवळ पडेल असं मला वाटलं. जमीन पुतण्या बघतो. कांद्याच्या लागवडीला आणि काढणीला आम्ही दोघं जातो.

पेन्शन मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, हाताला पीठ होतं. दार त्यांनी उघडलं, पोस्टमनच्या कागदावर सही केली, आणि पोस्टमनने विचारलं असावं की तुम्ही कोण. मला उत्तर ऐकू आलं. नवरा हाय मी तिचा, ते म्हणाले, इथंच ऱ्हातो.