वहीसरांचे चार तास

मला आयुष्यात जेवढे धक्के बसले त्यांतले निम्मे एकाच माणसाने दिले, आणि दर वेळी तो स्वतः मात्र शांतपणे पुढची वही उघडत असे. अंधेरीतल्या आमच्या कॉलेजात, इंग्रजी विभागात, माझ्या समोरच्या टेबलावर हा माणूस चौदा वर्षं बसला. मुलं त्याला वहीसर म्हणत. मी तेव्हा विभागप्रमुख होतो. आता निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याच्याबद्दल यंदा जे वाक्य छापून आलं आहे ते खोटं आहे. ते मीच लिहून दिलं होतं. म्हणून आज हे लिहायला बसलो.

इंग्रजीच्या मास्तराने काय करावं याबद्दल आमची साधी समजूत होती. कविता शिकवावी, नाटकातल्या राजाचं काय चुकलं ते सांगावं, परीक्षेआधी नोट्स द्याव्यात. मुलांना लिहायला शिकवणं हे प्रथम वर्षाच्या वेळापत्रकात होतं, पण घरातल्या माळ्यासारखं. आहे हे सगळ्यांना ठाऊक, चढत कोणीच नाही. हा चढला. एकशेवीस मुलांचे चार गट, प्रत्येक गटाला आठवड्याचा एक तास, आणि प्रत्येक मुलाने दर आठवड्याला वहीत एक पान लिहायचं. ती एकशेवीस पानं तो वाचायचा. चाळायचा नाही, वाचायचा. मला हे कळलं तेव्हा मी विचारलं, "सगळ्या वह्या?" तो म्हणाला, "मग काय, निम्म्या पोरांना लिहू नका म्हणून सांगू?" वर्कलोडच्या तक्त्यात वर्गातले तास तेवढे धरतात, वह्या वाचायच्या वेळेला त्यात रकानाच नाही. हे मी त्याला समजावलं, तर म्हणाला, "बरं झालं, म्हणजे त्याला मर्यादा पण नाही."

वाचायला त्याला जागा लागत नसे. बँकेच्या रांगेत, दाढ काढायला गेला तर दवाखान्याच्या बाकावर, प्राचार्यांच्या भाषणात तर हक्काने. वाकोल्याहून कॉलेजात तो रोज चालत यायचा, आणि सर्व्हिस रोडवर एखादा माणूस उघडी वही नाकासमोर धरून येताना दिसला की रिक्षावाले आपणहून बाजूला घेत. विभागातल्या एका जुन्या विद्यार्थिनीचं मुलुंडला लग्न होतं. आम्ही आहेर घेऊन स्टेजवर चढलो. याने पिशवीतून पाकीट काढलं आणि पाकिटाबरोबर तिची वही. "तुझी राहिली होती माझ्याकडे," तो म्हणाला. "शेवटचा परिच्छेद बघ जरा. तिथे तू घाई केलीयस." नवरामुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी मंडपाच्या छताकडे. धक्का तो नव्हताच. धक्का हा, की मुलीने मुंडावळ्या बाजूला सारून तो परिच्छेद वाचला आणि म्हणाली, "हो सर, केलीय." मागे आहेरवाल्यांची रांग जिन्यापर्यंत गेली होती.

'आदर्श विद्यार्थी' किंवा 'माझे आवडते फूल' अशा विषयांवर लिहायला त्याची बंदी होती. मुलांना तो कुठेतरी उभं करायचा. अर्धा तास इस्त्रीवाल्यापाशी उभे राहा आणि जे दिसलं ते लिहा, बास. बोरिवलीच्या एका मुलीला त्याने मासळीबाजारात पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील स्टाफरूममध्ये हजर. लिफ्टदुरुस्तीचं काम करणारे, धिप्पाड.

"पोरगी कोळणींसमोर वही घेऊन उभी राहते. हे इंग्रजी आहे?"

"तुम्ही काय करता?" याने विचारलं.

"लिफ्ट. का?"

"दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकते तेव्हा आतले लोक काय बोलतात हो?"

वडील थांबले. मग म्हणाले, "आधी कोणीच काही बोलत नाही. मग एकजण हसतो."

"हे लिहा की. मराठीत लिहा, चालेल. बसा."

आणि तो माणूस बसला. भांडायला आलेला बाप आमच्या स्टाफरूममध्ये पेन्सिल घेऊन एक पान लिहून गेला, आणि पुढचे तीन शनिवार नवीन पान घेऊन आला. मी हेड असून माझ्याकडे कधी कोणी एकाही शनिवारी आलं नाही. तसं बोललोही. तो वह्यांतून मान वर न काढता आपल्या मालवणीत म्हणाला, "तू त्यांका काय विचारलंस कधी?"

आता ते सांगतो जे सांगायचं आहे.

त्याची जागा हंगामी होती, दर वर्षी नव्याने मिळणारी, आणि ती टिकायला आठवड्याचे सोळा तास लागत. एका वर्षी ऑफिसने कळवलं की एकच माणूस तोच तास चार गटांना घेत असेल तर तो चारदा धरणार नाही, एकदाच धरू. म्हणजे त्याचे सोळाचे तेरा होणार आणि जागा जाणार. प्राचार्यांनी मला बोलावून स्वतःच वाट दाखवली: विभागात तुम्ही चौघं आहात, एकेक गट वाटून घ्या, आणि तुम्ही तिघं आपला कवितेचा एकेक तास त्याला द्या. तास सगळ्यांचे तेवढेच राहतील. नाहीतर गट एकत्र करा. तुम्ही ठरवा.

मी बैठक घेतली. तो नव्हता, वर्गावर होता. आमच्यातल्या बाई म्हणाल्या, "सर, वाकून वाचलं की माझी मान धरते हो." दुसऱ्याने नुसतंच पंख्याकडे पाहिलं. दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले, कारण मी घेतो म्हणालो असतो तर त्यांना घ्यावंच लागलं असतं. एक गट म्हणजे दर आठवड्याला तीस वह्या. मला त्या वाचायच्या नव्हत्या. यापेक्षा मोठं कारण मी बरीच वर्षं शोधलं. मिळालं नाही. मी म्हणालो, "ठीक आहे. एकत्र करू."

त्याला मी सांगितलं की वरून आलंय, इलाज नव्हता. त्यावर त्याने माझ्याच पाठीवर हात ठेवला. "वरून आलं तर तू तरी काय करणार रे. तोंड पाडू नको." महिनाअखेर तो गेला. निरोपसमारंभ नको म्हणाला. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा फोन करून विचारलं तेव्हा मी लिहून दिलं, प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी सेवा सोडली. रोज वाकोल्याहून चालत येणारा माणूस.

गेल्या महिन्यात ती स्मरणिका घेऊन मी त्याच्या घरी गेलो. दुसरा मजला, दोन खोल्या. तो आता बराच वाळला आहे, पण कपात चहा ओतताना हात स्थिर होता. मी वाक्य दाखवलं. त्याला हसू आलं. "प्रकृती? मला साधा खोकला नव्हता कधी."

मग मी सगळं सांगितलं. प्राचार्यांनी वाट दाखवली होती, गट वाटता आले असते, तुझी जागा राहिली असती, आणि वह्या वाचायच्या कंटाळ्यापोटी मी नाही म्हणालो. तो ऐकत होता. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. खरं तर त्या मला हव्या होत्या.

तो म्हणाला, "मग माझ्यानंतर वह्या कोण वाचायचं?"

"म्हणजे?"

"पोरांच्या वह्या. गट एकत्र झाले. बरं. पण वाचायचं कोण?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नव्हता. "कोणी नाही," मी म्हणालो. "मोठ्या हॉलमध्ये एकच तास असायचा. फळ्यावर निबंध लिहून द्यायचो आम्ही. मुलं उतरवून घ्यायची."

"एकही पान नाही? स्वतःचं?"

"नाही."

त्याचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. नोकरी गेली त्या दिवशीही नाही. कप त्याने खाली ठेवला. "मला वाटायचं, तू वाचत असशील," तो म्हणाला. "म्हटलं, मी नाही तर तो आहे. शेवटी हेड आहे, टाकणार नाही." मग, "ती पोरं आता कुठे असतील रे?"

"नोकऱ्या लागल्या असतील. लग्नं झाली असतील."

"हां," तो म्हणाला. "लिहिलं असतं त्यांनी. काहीतरी लिहिलंच असतं."

मी त्याची माफी मागायला गेलो होतो. तिची त्याला गरज नव्हती, आणि ज्यांना होती त्यांतल्या एकाचंही नाव मला आठवत नव्हतं. चहा निवला होता. तो दोन्ही कप उचलून परत गरम करायला आत गेला, आणि मी बाहेर बसून राहिलो.