उगंच पळणारी पोरगी

"पळ. थांबायचं न्हाई."

मोटरसायकलचं पुढचं चाक माझ्या टाचेला लागत होतं. डाव्या हाताला कॅनॉल, सिद्धेश्वर धरणाचं पाणी नुकतंच सुटलेलं, काठोकाठ. उजव्या हाताला गाडीवाल्याचीच हळद, कमरेइतकी उभी. वाट एका बैलगाडीपुरती. मला पोहता येत नाही.

गाडी चालवणारा आमच्या गावातला मोठा शेतकरी. तिशीतला. माझी माय त्याच्याच रानात रोजानं जायची. मागं बसलेला त्याचा दोस्त मोबाईल धरून शूटिंग काढत होता. दोघं हसत होते.

"बघ रे, घोडी कशी पळून राहिली!"

मी हळू झाले की तो हॉर्न दाबायचा. चाक पिंढरीला घासायचं. मी पुन्हा पळायची. पळता पळता मला लघवी झाली. सलवार भिजली. त्यांना ते दिसलं. हसणं वाढलं. हे सांगताना अजून कान तापतात. पण सांगते. जिवाच्या भीतीनं माणसाचं असं होतं.

पुलाजवळ मी पडले. गुडघे फुटले. त्यानं गाडी थांबवली.

"भरतीची तयारी करून राहिली का?"

"न्हाई."

"मंग काहून पळती?"

"उगंच."

खोटं नव्हतं ते. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. दिवसभर बाकावर, उरलेला वेळ एसटीत. अंग आखडून जायचं. जिना चढले की छाती धडधडायची. एकोणीस वर्षांच्या पोरीची ही गत. म्हणून सकाळी उजाडलं की पळायला लागले. दम टिकायला लागला. झोप गाढ लागायची. मला पोलीस व्हायचं नव्हतं, बक्षीसही नको होतं. अंग माझं होतं, ते हलतं ठेवायचं होतं. एवढंच.

"उगंच पळायचं असंल तर आमच्या हळदीला पाणी धरायला ये," तो म्हणाला. "तुमच्या वस्तीतल्या पोरी कवापासून हवा खायला लागल्या?"

आमची वस्ती बौद्धांची. त्याचे भाऊ-पुतणे शहरात पैसे भरून जिमला जातात. त्यांना कुणी विचारत नाही, काहून घाम गाळता म्हणून.

घरी आले. मायनं गुडघे बघितले, सलवार बघितली. पाणी तापवलं. मग एवढंच म्हणाली, "उद्यापासून न्हाई जायचं."

संध्याकाळपर्यंत शूटिंग कॉलेजच्या पोरांच्या मोबाईलवर पोचलं. वर्गात शिरले की मागच्या बाकावरून खिंकाळल्याचा आवाज यायचा. खेळाच्या सरांकडं गेले. ते म्हणाले, "रस्त्यावर कशाला जायचं? ग्राउंड आहे ना." ग्राउंडवर पोरांचं क्रिकेट चालायचं. मुली कडेनं चालल्या तरी शिट्ट्या. सरांना ते माहीत होतं.

मी पळणं सोडलं.

भीती मात्र कॅनॉलवर राहिली नाही. ती घरात आली. लांबून मोटरसायकल वाजली तरी मी दाराआड व्हायची. एसटीसाठी फाट्यापर्यंत जायला मायचा हात लागायचा. दुकानात, नळावर, कुठंही गेले की आधी पळून जायची वाट शोधायची. जेवण जाईना. पुन्हा जिन्यात दम लागायला लागला.

हळद काढायला आली. सुट्टीच्या दिवशी मी मायसंगं त्याच्या रानात वेचायला गेले. नको म्हणायची सोय नव्हती. ऊन चढलं होतं. तो बांधावरून आला. माय त्याच्या आईच्या वयाची.

"काय गं, तुझी घोडी बांधून ठेवली का?"

आणि माय हसली.

मान खाली घालून, हातातला कंद न सोडता, हसली. तिला हसू आलं नव्हतं. तिला भेव वाटलं होतं. ते हसू मी लहानपणापासून बघत आले होते. ती लाजरी आहे म्हणून हसते, असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं. मीही मोबाईल बघून हसणाऱ्या पोरांसमोर असंच हसायला शिकत होते.

मी उठले.

"मी घोडी न्हाई."

"काय म्हणली?"

"मी घोडी न्हाई. उद्या पळणार हाय. त्याच वाटंनं."

बायांचे हात थांबले. तो मायकडं बघून म्हणाला, "उद्यापासून दोघी येऊ नका."

घरी मायनं मला थोबाडीत दिली. मग रडली. "त्यानं कॅनॉलात ढकललं तर कुणाला सांगू मी?"

सकाळी गेले. हळदीचं रान मोकळं झालं होतं, तरी वाट तेवढीच अरुंद. पाठीमागून गाडी आली. आवाज ओळखला. पाय आपोआप वेगानं पडायला लागले. मग मी ते थांबवले. वळले. वाटेच्या मधोमध उभी राहिले. हॉर्न. पुन्हा हॉर्न. चाक माझ्या गुडघ्याजवळ येऊन थांबलं. डोळे मिटावेसे वाटत होते. मिटले नाहीत.

"सरक."

"न्हाई."

त्यानं आईवरून शिवी दिली. "बघून घेतो," म्हणाला. गाडी वळवून गेला. मी तिथंच उलटी केली.

तो परत येईल. मला माहीत आहे. मायला अजून कुणी रोजानं बोलावलं नाही. मी रोज पळते, रोज भेव वाटतं. भेव गेल्यावर बघू, असं म्हणत बसले तर म्हातारी होईन. सोमवारी ठाण्यात तक्रार देणार आहे, त्या दोघांची नावं घेऊन, सलवार भिजली तेही सांगून. लाज त्यांनी वाटून घ्यावी. माय संगं आली तर आली. न्हाई आली तर एकली जाईन.