उस्तादांचं शनिवारचं सूप

चाळीस वर्षं मोठ्या हॉटेलाचं स्वयंपाकघर गाजवलेल्या माणसाला स्वतःच्या घरात मान किती, तर सूनबाई देईल तेवढा. उस्तादांना तो शनिवारी दुपारी मिळायचा. बटाट्याच्या फोडी, कोबीचे दांडे, वाटीभर भात, कोंबडीची हाडं असं आठवड्याचं उरलंसुरलं एका पातेल्यात घालून ते असं सूप करायचे की खाणाऱ्यानं वाडगा पुसून ठेवावा. बाकीचे सहा दिवस ते घरातली एक अडचण होते.

हॉटेलात त्यांचं नाक प्रसिद्ध होतं. झाकण उघडून एकदा हुंगलं की पदार्थ कालचा की परवाचा ते सांगत. त्या नाकाचा तोराही तसाच. एकदा घरी पाहुणे जेवायला बसले असताना त्यांनी बायकोनं केलेलं सूप हुंगलं, "याला भांडी धुतलेलं पाणी म्हणतात," असं म्हणाले आणि अख्खं पातेलं मोरीत ओतलं. मग रिकामं पातेलं तिच्यापुढे ठेवलं. "घासून ठेव." ती सगळ्यांसमोर घासत बसली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. काही वर्षांनी ती वारली, पातेलं राहिलं.

गेल्या हिवाळ्यातल्या तापानं उस्तादांचं नाक गेलं आणि नाकाबरोबर जिभेची चवही. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. हे कळलं तर शनिवारही हातचा जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी फर्मान काढलं की उरलेलं काढून ठेवताना डब्यावर वाराची चिठ्ठी लावायची.

"आमच्या हॉटेलात असंच असतं," ते म्हणाले. हॉटेलात चिठ्ठी लावणाऱ्याला ते आंधळा म्हणायचे.

एका संध्याकाळी सूनबाई कामावरून आली तर घरभर गॅसचा वास, आणि उस्ताद शेगडीजवळ बसून पेपर वाचतायत.

"बाबा, वास नाही आला तुम्हाला?"

"आला की. आत्ताच बटण बंद करणार होतो."

तिनंच धावत जाऊन बटण बंद केलं. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टरकडे नेऊ या."

"डॉक्टरलाही थापा मारतील. सगळ्यांसमोर उघडं पडल्याशिवाय हा माणूस शेगडी सोडायचा नाही." मग तिनं काय करायचं ते सांगितलं. नवऱ्याची नजर मोरीकडे गेली. त्याला ते पातेलं आठवलं असावं.

"कर," तो म्हणाला.

मंगळवारची कोंबडी तीन दिवस खिडकीत उन्हाला राहिली. शुक्रवारी ती फ्रिजमधल्या डब्यात गेली, वर चिठ्ठी लागली 'शुक्रवार'. शनिवारी सूनबाईचे आईवडील जेवायला आले.

उस्तादांनी सकाळीच डबे मांडले. एकेक झाकण उघडून सवयीनं नाकाशी नेलं, मान डोलावली, चिठ्ठी वाचली आणि पातेल्यात ओतलं. तासाभरात घरात बसवेना. विहीणबाईंनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. उस्तादांना वाटलं, बाईंना उकडत असेल.

वाडगे भरून ते टेबलाशी बसले. कुणी चमचा उचलला नाही.

"घ्या ना. असं सूप पैसे देऊनही मिळायचं नाही."

"आधी आचाऱ्यानं खायचं," मुलगा म्हणाला. "तुमचाच नियम ना, बाबा?"

उस्ताद खूश झाले. कित्येक वर्षांनी मुलाला त्यांचं काही आठवलं होतं. त्यांनी पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला. कोंबडीचा तुकडा चावून चावून खाल्ला. व्याही दुसरीकडे बघू लागले.

"कसं झालंय?" सूनबाईनं विचारलं.

"झकास. मीठ किंचित कमी."

"मग आणखी घ्या," मुलगा म्हणाला आणि त्यानं स्वतः वाडगा भरला.

तेव्हा उस्तादांचं लक्ष विहीणबाईंकडे गेलं. त्यांनी रुमाल नाकाला घट्ट धरला होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उस्तादांनी एकेकाचा चेहरा पाहिला. शेवटी मुलाचा पाहिला, आणि त्यांना सगळं कळलं. चमचा खाली ठेवता आला असता. पण त्यांनी दुसरा वाडगाही संपवला, तळापर्यंत, मान वर न करता.

मुलगा उठला. त्यानं पातेलं मोरीत ओतलं आणि रिकामं बापापुढे आणून ठेवलं.

"घासून ठेवा."

उस्ताद मोरीपाशी बसले आणि घासू लागले. राख लावली, साबण लावला, बोटं लाल झाली. शेवटी सवयीनं पातेलं नाकाशी नेलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि मग सूनबाईपुढे केलं.

"वास गेला का गं?"

तिनं वाकून हुंगलं. पातेलं लख्ख झालं होतं.

"नाही," ती म्हणाली. "अजून घासा."