जिग्नेशच्या गिटारीची टकटक

मीरा-भाईंदरमध्ये प्लॅस्टिकच्या गिटारीचा आवाज बंद करणारा पहिला माणूस मी. हे मी कोणापुढेही छाती ठोकून सांगतो. फक्त मी आवाज बंद केल्यावर ती गिटारपण बंद पडली, एवढंच.

दुरुस्तीच्या दुकानाचं असंच असतं. लोक आपापल्या वस्तू घेऊन जातात आणि किस्से मागे ठेवतात. आमच्या माळ्यावर कोणी न नेलेल्या इस्त्र्या आहेत, एक मानमोडका टेबलफॅन आहे. पण ढीग झालाय तो किश्शांचा. आणि त्यातल्या निम्म्या किश्शांत विलास आहे. तिथेच माझं पोट दुखतं.

दुकान म्हणजे भाईंदर पश्चिमेला एका सोसायटीखालचा गाळा. मध्ये एकच लांब टेबल. डावीकडे मी. पंखे, मिक्सर, इस्त्री. शाळेने मला आठवीत सोडलं, तेव्हापासून हेच. उजवीकडे विलास. रिमोट, टीव्ही गेम, मोबाईल, बारीक बारीक कामं. रत्नागिरीकडचा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला गोड. टेबल आधी माझं होतं. त्याला अर्धं मीच दिलं. पण गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न काय? "विलास आहे का?"

*

एकदा एक बाई मिक्सर घेऊन आल्या. मिक्सर! म्हणजे माझा माल. मी हात पुढे केला, तर म्हणतात, विलास आहे का?

विलास टेबलाखाली पडलेला स्क्रू शोधत होता. मी तोंड एवढंसं केलं. म्हटलं, विलासने हा धंदा सोडला ताई. आता तो नवरदेवांचा मेकअप करतो. बाई बिचाऱ्या हळहळल्या. एवढा चांगला हात होता म्हणाल्या.

तेवढ्यात टेबलाखालून डोकं वर आलं. "बसा ताई. मेकअप तुमचा करायचाय की मिक्सरचा?"

बाई इतक्या हसल्या की मिक्सर त्याच्याकडेच ठेवून गेल्या. पुढे त्यांनी सगळ्या बिल्डिंगला ते सांगितलं. महिनाभर मिक्सर येत होते, उजवीकडे.

*

मग मी ठरवलं, ह्याची जरा जिरवायची.

जवळच्या डोंगरी गावाहून एक म्हातारबाबा रिमोट घेऊन आले. विलासने तो उघडला, साफ केला, दुकानातल्या टीव्हीवर लावून दाखवायला लागला. तसलाच दुसरा रिमोट माझ्याकडे होता. मी तो टेबलाखाली धरला. विलासने आवाज वाढवला की मी कमी करायचा. त्याने बातम्या लावल्या की मी कुस्ती लावायची.

विलासला घाम फुटला. मी मनात म्हटलं, आता बाबा शिव्या घालणार.

बाबा टीव्हीकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, "बटन दाबाया लागतच न्हाय? आपल्या मनानं चालतंय? लई भारी हाय. माझ्या जावयाचा बी असाच करून दे."

दुसऱ्या दिवशी जावई आला. त्याच्याबरोबर शेजारी आला.

*

आता गिटार.

घरी आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, जिग्नेश राहतो. कापडाच्या दुकानात बसतो, चांगला बत्तीस-तेहतीस वर्षांचा बाप्या. त्याच्या अमेरिकेतल्या मावसभावाने त्याला टीव्हीवरच्या खेळाची गिटार पाठवली. तिला तारा नाहीत. दांड्यावर पाच रंगांची बटणं आणि पोटावर एक पट्टी. टीव्हीत जो रंग येईल ते बटण दाबायचं आणि तारा छेडल्यासारखी पट्टी खालीवर करायची. गाणं टीव्हीतून येतं. गिटारीतून येते फक्त टकटक. टीव्हीचा आवाज तो कमी करायचा, सज्जन माणूस. टकटक कशी कमी करणार? सोफ्यावर जागा नाही म्हणून खाली लादीवर मांडी घालून बसायचा, गिटारीचं बूड लादीला टेकलेलं. ती लादी म्हणजे आमचं छत.

आमची सुमन पहाटे उठून दहा घरचे डबे करते. दुपारी मला दुकानात डबा देऊन गेली की घटकाभर पडते. जिग्नेशला सुट्टी असली की नेमका तेव्हाच तो रॉकस्टार व्हायचा.

सुमन म्हणाली, "अहो, ती गिटार जरा विलासभावजींना दाखवा ना."

बघा. नवरा समोर बसलाय, आयुष्य दुरुस्तीत गेलंय, आणि दाखवायची कोणाला? विलासभावजींना. मला फार काही नको होतं हो. आयुष्यात एकदा तिने म्हणावं, जमलं बाई तुम्हाला. बस.

मी वर जाऊन जिग्नेशकडून गिटार घेतली, विलासला कळू न देता घरीच उघडली आणि जुन्या उशीतला कापूस आत ठासून भरला. आवाज एकदम बंद. परत नेऊन दिली. थोड्या वेळाने जिग्नेश दारात. "दत्ताकाका, आवाज तो गया. पर पट्टी भी नहीं हिल रही."

मग कापूस काढला आणि जुन्या चपलेचं रबर कापून बटणांखाली बसवलं. रबर जाड निघालं. हिरवं बटण जे खाली बसलं ते वर येईना.

"काका, ग्रीन अटक गया."

म्हटलं, बरं झालं ना, पाचातला एक रंग तुला दाबायला नको.

तो हसला नाही. गिटार घेऊन सरळ दुकानात गेला. उजवीकडे.

*

विलासने माझं रबर चिमट्याने बाहेर काढलं आणि नाकाशी नेऊन बघितलं. "दत्ताभाऊ, नंबर आठची चप्पल ना?"

मी भडकलो. म्हटलं, आवाज कसा बंद करतात ते माझ्या घरी येऊन बघ. किचनमधलं एकही कपाट आपटत नाही. बिजागऱ्या मी स्वतः बसवल्यात. दार लावलं तर मांजराला कळत नाही.

विलास म्हणाला, मग गिटारीला पण बिजागऱ्या लावूया का?

त्याचा बदला म्हणून मी भजनी मंडळाच्या बुवांना गाठलं. त्यांची पेटी आमच्याच दुकानासमोरून जाते. सांगितलं, विलासकडे एक गिटार आलीय, पार बेसूर आहे, तुमच्यासारखा कानाचा माणूस पाहिजे. बुवा धोतर सावरत माझ्याबरोबर रिक्षातून आले. म्हटलं, आता बुवा तारा मागणार आणि ह्याला झाडणार.

विलासने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि खरं ते सांगून टाकलं. वर विचारलं, बुवा, ह्यातून जो आवाज येतो तो नक्की कुठून येतो, सांगाल?

बुवांनी डोळे मिटले. विलासने पट्टी हलवली, बटणं दाबली. बुवा म्हणाले, "हे टक वेगळं आणि टुक वेगळं. टक पट्टीचं. टुक बटणांचं, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आपटतंय. तुम्ही आपले एकाच्याच मागे लागलाय."

झालं! जे मला दोनदा उघडून कळलं नाही ते मीच रिक्षात घालून त्याच्याकडे आणून पोचवलं.

दुसऱ्या दिवशी मला काशीगावला पंखे बघायला जावं लागलं. दिवसभराचं काम. परत आलो तर गिटार जिग्नेशकडे पोचली होती.

*

पुढच्या सुट्टीला मी मुद्दाम दुपारी घरी थांबलो. वर गिटार चालू होती, हे मला जिग्नेशने खिडकीतून ओरडून सांगितलं म्हणून कळलं. मी स्टुलावर चढून छताला कान लावला. काही नाही. खाली सुमन गाढ झोपली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला समजलं की तीपण घोरते.

माणसाला शांतता झोंबते हे मी त्या दुपारी शिकलो.

राहवेना. स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून वर गेलो. जिग्नेशला म्हटलं, सर्व्हिसिंग. उघडली. आणि बघतो तर प्रत्येक बटणाच्या खाली एक एक मखमली टिकली! लालभडक नाही, डाळिंबी. पट्टी जिथे जिथे आपटते तिथे एकावर एक तीन-चार थर. पाठीमागे गोंद आयताच. मऊ, पातळ, गोल, बटणाच्या मापाच्या. ह्याहून बरं काय असणार?

पण विलासकडे टिकल्या कुठून? लग्न जमेना म्हणून तो अजून एकटा. आई गावाला. आणि ती डाळिंबी टिकली मी ओळखत होतो. रोज सकाळी चहा देणाऱ्या कपाळावर बघतो.

एक टिकली बोटाला चिकटवून तरातरा खाली आलो. सुमन उठून चहा टाकत होती. बोट तिच्यापुढे धरलं. विचारलं, तुझी टिकली त्या विलासच्या कामात कशी?

"मीच दिलं पाकीट. तुम्ही काशीगावला गेला होता ना, मी विसरून डबा घेऊन गेले. भावजी गिटार उघडून डोक्याला हात लावून बसले होते."

म्हणजे त्याला सुचलं आणि त्याने मागितलं?

"त्यांना कुठलं सुचतंय? मीच म्हटलं, ह्या लावून बघा."

मला जरा बरं वाटलं. विलासचं नव्हतं तर ते डोकं! आपल्याच घरातलं होतं. मी खुर्ची ओढून ऐटीत बसलो आणि म्हटलं, बघ, संगतीचा परिणाम. माझ्याबरोबर राहून तुला हे सुचलं.

सुमनने वरचं कपाट उघडलं, साखरेचा डबा काढला आणि दार ढकलून दिलं. आवाज झाला नाही. मग तिने तेच दार पुन्हा उघडलं आणि आतली कड मला दाखवली. वर एक, मध्ये एक, खाली एक. डाळिंबी. जुनी, विटलेली.

"रोज पहाटे मी ही सगळी कपाटं उघडते, लावते, आणि तुम्ही तिथे ढाराढूर झोपलेले असता. तुम्हाला काय वाटलं, बिजागऱ्या चांगल्या बसल्यात?"